विडी न ओढणाऱ्या घरातील फुप्फुसाचा कर्करोग

अहिल्यानगरच्या दाळमंडईत किंवा आडते बाजारात सकाळी पेढी उघडते, देवाला दिवा लागतो आणि गादीवर साठीतील गृहस्थ येऊन बसतात. दोन महिन्यांपासून त्यांना कोरडा खोकला आहे. धान्याची धूळ, मिरचीची पोती, बदललेली हवा अशी कारणे तयारच असतात. घरगुती काढा होतो, मग गल्लीतील डॉक्टरांची औषधे. पुढे छातीच्या एक्स-रेमध्ये डाग दिसतो आणि क्षयाची औषधे सुरू होतात. वजन घटतच राहते आणि पाठ दुखू लागते. अखेर पुण्याला नेल्यावर सी.टी. स्कॅन होतो, तुकडा काढून तपासला जातो आणि अहवाल येतो : फुप्फुसाचा कर्करोग, हाडांत पसरलेला, चौथी अवस्था. डॉक्टरांच्या दाराबाहेर मुलगा पहिले वाक्य उच्चारतो, "आमच्या सात पिढ्यांत कोणी विडीला हात लावला नाही." दुसरे वाक्य असते, "बाबूजींना काही सांगू नका."

ही कहाणी एका घरची नाही. थोड्याफार फरकाने ती अनेक घरांत घडते. त्यातील प्रत्येक वळणावर वेळ, पैसा आणि मनःशांती यांपैकी काहीतरी वाया जाते. यातील किती हानी टाळता येते, हे प्रत्येक कुटुंबाने निरोगी असतानाच जाणून घ्यावे.

विडी नाही, तरी कर्करोग

तंबाखूचा धूर हेच फुप्फुसाच्या कर्करोगाचे सर्वांत मोठे कारण आहे, याविषयी शंका नाही. अहिल्यानगर आणि संगमनेर ही विडी वळणाऱ्यांची गावे असल्याने त्या धुराचे परिणाम जिल्ह्याला ठाऊक आहेत. परंतु कधीही धूम्रपान न केलेल्या व्यक्तींनाही हा रोग होतो आणि आशियाई देशांत, विशेषतः स्त्रियांमध्ये, असे रुग्ण मोठ्या संख्येने आढळतात. दुसऱ्याच्या विडीचा धूर, चुलीचा धूर आणि हवेचे प्रदूषण ही त्याची ज्ञात कारणे होत. अनेकदा मात्र कोणतेच कारण हाती लागत नाही. म्हणून "निर्व्यसनी घर" ही खात्री मनात धरून खोकल्याकडे दुर्लक्ष करणे धोक्याचे ठरते.

तीन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला, थुंकीतून रक्त, कारण नसता घटलेले वजन, बसलेला आवाज, चढणारा दम, खांद्यात किंवा पाठीत सतत राहणारी वेदना यांपैकी काहीही असल्यास तपासणी टाळू नये.

क्षय आणि कर्करोग एक्स-रेमध्ये सारखे दिसू शकतात. क्षय या देशात इतका सर्वत्र आहे की डाग दिसताच प्रथम त्याचीच आठवण होणे स्वाभाविक आहे. चूक पुढे होते. थुंकीत जंतू सापडलेले नसताना केवळ अंदाजाने औषधे सुरू होतात आणि ती महिनोन्‌महिने चालू राहतात. सीबीनॅट ही थुंकीची तपासणी शासकीय क्षयरोग कार्यक्रमात विनामूल्य होते. ती सकारात्मक नसेल, किंवा औषधे घेऊनही काही आठवड्यांत रुग्णाला उतार पडत नसेल, तर सी.टी. स्कॅनचा आग्रह धरणे हा कुटुंबाचा हक्क आहे.

तपासाचा क्रम

पसरलेल्या कर्करोगात तपासाला तीन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. रोग कोठे कोठे आहे, तो कोणत्या जातीचा आहे आणि त्याच्या पेशींत कोणता जनुकीय बदल झाला आहे.

पहिल्या प्रश्नासाठी सी.टी. स्कॅन आणि पेट-सी.टी. ही तपासणी करतात. फुप्फुसाचा कर्करोग मेंदू, हाडे, यकृत, मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथी, दुसरे फुप्फुस आणि फुप्फुसाचे आवरण येथे जातो. मेंदूतील लहान गाठी पेट-सी.टी.मध्ये नीट दिसत नाहीत, म्हणून मेंदूचा एम.आर.आय. वेगळा करावा लागतो. आवरणात पाणी झाले असेल आणि त्यात कर्करोगाच्या पेशी सापडल्या, तर तेवढ्यावरूनही रोग चौथ्या अवस्थेचा ठरतो.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बायॉप्सी देते. सी.टी.च्या साहाय्याने बाहेरून सुई घालून किंवा श्वासनलिकेत दुर्बीण सोडून तुकडा काढतात. "सुई लावली की रोग पसरतो" ही समजूत गावोगाव आहे. त्या भीतीपायी बायॉप्सी टाळणे म्हणजे निदानावाचून उपचार करणे होय. सुमारे ८५ टक्के रुग्णांत नॉन-स्मॉल सेल जातीचा कर्करोग असतो आणि त्यातील अॅडेनोकार्सिनोमा हा प्रकार धूम्रपान न करणाऱ्यांत अधिक दिसतो. स्मॉल सेल ही जात वेगाने वाढणारी आहे, धूम्रपानाशी निगडित आहे आणि तिचे उपचार निराळे आहेत.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि घाईत नेमका तोच सुटतो. २००४ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी काही रुग्णांच्या कर्करोगात ईजीएफआर नावाच्या जनुकातील बदल शोधला. २००७ मध्ये जपानमधील हिरोयुकी मानो यांच्या गटाने एएलके जनुकातील बदल दाखवून दिला. ज्या पेशींत असा बदल असतो, त्यांची वाढ त्या एका बदलावरच चालते. तो रोखणारी गोळी मिळाली तर रोग मागे हटतो. भारतीय अभ्यासांत अॅडेनोकार्सिनोमाच्या साधारण चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याच्या रुग्णांत ईजीएफआर बदल आढळतो, एएलके बदल शंभरात तीन ते पाच जणांत. धूम्रपान न केलेल्या रुग्णांत ही शक्यता वाढते. म्हणजे "आमच्या घरात कोणी विडी ओढत नाही" हे मुलाचे वाक्य केवळ खेदाचे नाही, तर डॉक्टरांसाठी उपयुक्त माहितीही आहे.

या अहवालाला बहुधा दोन-तीन आठवडे लागतात. तो काळ कुटुंबाला असह्य वाटतो आणि "काहीतरी सुरू करा" असा धोशा लागतो. रुग्णाची प्रकृती फार खालावली असेल तर डॉक्टर केमोथेरपीची एखादी फेरी देऊनही थांबू शकतात. परंतु अहवालाआधी इम्युनोथेरपी देण्याची घाई अंगाशी येऊ शकते. ईजीएफआर बदल असलेल्या रुग्णांत तिचा उपयोग सहसा कमी होतो. शिवाय तिच्या पाठोपाठ ओसिमर्टिनिब ही गोळी सुरू केल्यास फुप्फुसाला गंभीर सूज येण्याचा धोका वाढतो. उपचारांचा क्रम चुकला तर चांगले औषधही घातक होते.

येथे एक व्यावहारिक सूचना. बायॉप्सीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जपून ठेवतात, त्याला रुग्णालयात "ब्लॉक" म्हणतात. मुंबई-पुण्यास जाताना छायाचित्रे आणि अहवालांसोबत हा ब्लॉक आणि काचपट्ट्या मागून घ्याव्यात. त्यामुळे पुन्हा सुई घालण्याची वेळ अनेकदा टळते. तुकडा अपुरा असेल तर रक्तातूनही काही जनुकीय बदल तपासता येतात.

उपचार आणि परळचा एक अभ्यास

चौथ्या अवस्थेचा फुप्फुसाचा कर्करोग बहुसंख्य रुग्णांत समूळ बरा होत नाही. हे वाक्य कठोर आहे, पण ते टाळून पुढे जाता येत नाही. आयुष्य वाढवणे आणि ते वाढलेले आयुष्य जगण्याजोगे ठेवणे, हा उपचारांचा हेतू असतो. या हेतूने गेल्या वीस वर्षांत जे साधले ते थोडके नाही.

त्यात मुंबईचा वाटा मोठा आहे. परळचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे आले. तेथील डॉ. वनिता नोरोन्हा, डॉ. कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांनी ईजीएफआर बदल असलेल्या ३५० रुग्णांवर एक अभ्यास केला. निम्म्यांना केवळ जेफिटिनिबची गोळी दिली आणि निम्म्यांना गोळीसोबत पेमेट्रेक्सेड व कार्बोप्लॅटिन ही केमोथेरपी. केवळ गोळी घेणाऱ्यांत रोग पुन्हा वाढण्यास मध्यकाने ८ महिने लागले, तर दोन्ही घेणाऱ्यांत १६ महिने. एकूण आयुर्मानही दुसऱ्या गटात अधिक ठरले. त्याची किंमतही मोजावी लागली. गंभीर दुष्परिणाम पहिल्या गटात २५ टक्के रुग्णांत दिसले, दुसऱ्या गटात ५१ टक्के रुग्णांत. हा अभ्यास २०१९ मध्ये जागतिक परिषदेत मांडला गेला. ज्या औषधांवर तो झाला ती आज तुलनेने स्वस्त आहेत, हे भारतीय कुटुंबांसाठी त्याचे विशेष महत्त्व. पुढे २०२३ मध्ये ओसिमर्टिनिब या नव्या गोळीसोबत केमोथेरपी देऊन झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासातही रोग रोखण्याचा काळ सुमारे १७ महिन्यांवरून साडेपंचवीस महिन्यांवर गेल्याचे दिसले.

एएलके बदल असलेल्यांसाठी अॅलेक्टिनिब, लोरलॅटिनिब अशी औषधे आहेत. लोरलॅटिनिब घेणाऱ्यांपैकी ६० टक्के रुग्णांत पाच वर्षांनंतरही रोग वाढलेला नव्हता, असा निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. असे बदल नसलेल्या रुग्णांत पीडी-एल१ या प्रथिनाचे प्रमाण पाहतात. ते ५० टक्के किंवा अधिक असल्यास पेम्ब्रोलिझुमाब या इम्युनोथेरपीचा पर्याय असतो. तिच्या मूळ अभ्यासात पाच वर्षांनी सुमारे ३२ टक्के रुग्ण हयात होते, तर केमोथेरपीने उपचार सुरू केलेल्या गटात सुमारे १६ टक्के.

या आकड्यांत "मध्यक" हा शब्द येतो, तो समजून घ्यावा. मध्यक १६ महिने म्हणजे निम्म्या रुग्णांना त्याहून कमी काळ मिळाला आणि निम्म्यांना अधिक. तो कोणा एका माणसाच्या आयुष्याची मुदत नव्हे. मुदत ठेवीच्या पावतीवरील तारखेप्रमाणे त्याकडे पाहू नये.

काही लक्षणांत मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पायांतील शक्ती जाणे किंवा लघवीवरील ताबा सुटणे हे मणक्यातील मज्जारज्जूवर दाब आल्याचे चिन्ह असू शकते. त्यात उशीर झाल्यास पाय कायमचे जातात. तीव्र डोकेदुखीसह उलट्या, झटके, चेहऱ्यावर व मानेवर सूज, खोकल्यातून अधिक रक्त हीसुद्धा तातडीची लक्षणे आहेत. हाडातील वेदनेवर किरणोपचाराचा एकच डोसही पुष्कळदा पुरतो.

चौविहार, उपवास आणि औषधे

जैन घरांत येणारे काही प्रश्न डॉक्टरांसमोर संकोचाने विचारलेच जात नाहीत. सूर्यास्तानंतर काही न घेण्याचा नियम असेल तर औषधांचे काय? जेफिटिनिब व ओसिमर्टिनिब दिवसातून एकदाच, जेवणाआधी किंवा नंतर घेता येतात. त्यामुळे सकाळची वेळ ठरवून घेता येते. अॅलेक्टिनिब दिवसातून दोनदा अन्नासोबत घ्यायचे असते, तेव्हा सकाळच्या न्याहारीला आणि सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाला ते जोडता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. एर्लोटिनिब मात्र रिकाम्या पोटी घ्यावे लागते. आम्लपित्ताच्या काही औषधांमुळे जेफिटिनिब व एर्लोटिनिब अंगी कमी लागतात, म्हणून दुकानातून परस्पर आणलेल्या अशा गोळ्या सांगितल्यावाचून घेऊ नयेत. कॅप्सूलचे कवच जिलेटिनचे असू शकते, त्याचीही चौकशी करता येते.

दीर्घ उपवासाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. या रोगात वजन घटणे हे स्वतःच रुग्णाला दुबळे करते आणि केमोथेरपी सोसण्याची शक्ती कमी करते. पर्युषणात अठ्ठाई करण्याची इच्छा रुग्णाने बोलून दाखवली, तर कुटुंबाने तो विषय प्रथम डॉक्टरांपुढे ठेवावा आणि मग महाराजसाहेबांपुढे. तपाचे अनेक प्रकार आहेत, शरीर साथ देत नसताना त्यातील कोणता स्वीकारावा याचे मार्गदर्शन साधुसंतांकडून मिळते.

पैशाचा हिशेब

रोगाच्या धक्क्यात व्यापारी माणूसही भाव विचारायचे विसरतो. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी केंद्र सरकारच्या औषध किंमत प्राधिकरणाने ४२ कर्करोग औषधांच्या व्यापारी नफ्यावर ३० टक्क्यांची मर्यादा घातली आणि काही औषधांच्या छापील किमती निम्म्याहून खाली आल्या. छापील किंमत आणि प्रत्यक्ष खरेदी यांत किती अंतर असू शकते, हे पेढीवर बसणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. तेच औषध दुसऱ्या कंपनीचे कितीला आहे, हे डॉक्टरांना विचारण्यात कमीपणा नाही. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात ओसिमर्टिनिबसह तीन कर्करोग औषधांवरील आयात शुल्क रद्द झाले, तेही लक्षात ठेवावे.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांत कर्करोगाचे अनेक उपचार येतात. मेडिक्लेम पॉलिसीत तोंडाने घ्यायची केमोथेरपी व इम्युनोथेरपी वगळू नये असे विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये ठरवले आहे, परंतु रकमेची मर्यादा पॉलिसीगणिक बदलते. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील कलम ८०डीडीबी कर्करोगाच्या खर्चावर ४०,००० रुपयांपर्यंत आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी १ लाख रुपयांपर्यंत वजावट देत आले आहे. ती जुन्या करप्रणालीत मिळते आणि त्यासाठी तज्ज्ञांचे प्रमाणपत्र लागते. दुसरे मत हवे असेल तर टाटा स्मारक केंद्राच्या "नव्या" या सेवेतून अहवाल पाठवून तज्ज्ञांचा सल्ला घेता येतो. छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय अहिल्यानगरहून पुण्याइतकेच जवळ आहे. मुंबईत राहण्याची अडचण असलेल्यांसाठी दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा कित्येक वर्षे आसरा देत आली आहे.

बाबूजींना सांगायचे की नाही

आता मुलाच्या दुसऱ्या वाक्याकडे वळावे. "सांगू नका" यामागे प्रेम असते, परंतु परिणाम क्वचितच प्रेमाचा होतो. रुग्ण रोज आरशात स्वतःला पाहतो. सुनेचे रडून लाल झालेले डोळे त्याला दिसतात. तो आत येताच बोलणे थांबते, हे त्याला कळते. घरातील सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट एकट्यापासून लपवली, की तो माणूस आपल्याच घरात एकटा पडतो.

त्याखेरीज व्यवहार आहे. कोणाकडे किती उधारी आहे, कोणाला तोंडी शब्द दिला आहे, कोणत्या शेतकऱ्याचे पैसे द्यायचे राहिले, हे अनेक पेढ्यांत खतावणीपेक्षा मालकाच्या मनातच अधिक असते. बँक खात्यावरील नामनिर्देशन, भागीदारीचा करार, जी.एस.टी.साठी अधिकृत सही, लॉकर, मृत्युपत्र ही कामे शुद्धीत आणि स्वस्थ मनानेच व्हावी लागतात. भावाभावांतील कितीतरी तंटे मालकाने शेवटच्या वर्षात दोन तास बसून बोलले असते तर उद्भवलेच नसते. आणि ज्याला क्षमापना करायची आहे, जुना अबोला मिटवायचा आहे, त्याला वेळ थोडा आहे हे कळल्यावाचून तो कसे करणार?

सांगण्याची रीतही असते. "तुम्हाला आजाराविषयी किती जाणून घ्यायचे आहे?" असे आधी विचारावे आणि त्यांच्या उत्तराइतकेच सांगावे. सारे एका दिवसात सांगण्याची गरज नसते. मात्र जे सांगितले ते खरे असावे.

वेदनाशामक सेवा, जिला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात, ती शेवटच्या आठवड्यात बोलावण्याची गोष्ट नाही. अमेरिकेतील डॉ. जेनिफर टेमेल यांनी २०१० मध्ये पसरलेल्या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निदानापासूनच ही सेवा मिळालेल्यांचे मन अधिक स्वस्थ राहिले, त्यांनी अखेरीस जाचक उपचार कमी घेतले, आणि तरीही त्यांचे आयुष्य मध्यकाने ११.६ महिने होते. इतरांचे ८.९ महिने. पुण्यात वारजे येथे सिप्लाचे पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७ पासून विनामूल्य सेवा देते. मुंबईत वांद्र्याचे शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे. मॉर्फिनची भीतीही बहुतांशी निराधार आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेदनेसाठी घेतलेल्या मॉर्फिनचे व्यसन लागण्याची शक्यता फार कमी असते. बद्धकोष्ठ होते, त्यावर सोबत औषध देतात. २०१४ मध्ये कायद्यात झालेल्या दुरुस्तीने त्याची उपलब्धता सुकर करण्याचा मार्गही मोकळा झाला.

काही घरांत अखेरीस संथाऱ्याचा विषय निघतो. तो रुग्णाच्या स्वेच्छेचा आणि गुरूंच्या आज्ञेचा विषय आहे. परंतु वेदना असह्य झाली म्हणून उच्चारलेली इच्छा आणि समभावाने घेतलेला निर्णय यांत अंतर असते. वेदना आधी शमवली, तरच रुग्णाच्या मनात खरोखर काय आहे ते त्याला स्वतःला आणि घरच्यांना कळते.

दाळमंडईतील त्या घरात, समजा, ईजीएफआरचा अहवाल सकारात्मक आला आणि गोळी सुरू झाली. समजा, एका संध्याकाळी मुलाने धीर करून वडिलांना सारे सांगितले. अशा वेळी पुष्कळदा असे घडते की वडील थोडा वेळ गप्प राहतात आणि म्हणतात, "मला ठाऊक होते. तुम्ही कधी सांगता याची वाट पाहत होतो." दुसऱ्या दिवशी ते पेढीवर येतात, गादीवर टेकतात, मुलाला शेजारी बसवून घेतात आणि जुनी वही उघडायला सांगतात.